जांभळ्याशेजारी केशरी

डिमरकाकांनी आयुष्यात एकही झाड लावलं नव्हतं. एकदा एका नाटकात बागेचा प्रवेश होता, तेव्हा त्यांनी कापडी झाडांवर असा काही उजेड सोडला की पहिल्या रांगेतल्या एका बाईंना शिंका सुरू झाल्या, असं ते सांगत. पण ती झाडं कापडी, आणि शिंका त्या बाईंना पंख्यामुळे आल्या होत्या असं काकू सांगत. खऱ्या झाडाशी काकांचा संबंध वाटेत आलं तर वळसा घालण्यापुरताच होता.

चाळीस वर्षं त्यांनी नाटकाच्या थिएटरात दिव्यांचं काम केलं. प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, बाल्कनीच्याही वर एक कोंदट खोली होती. तिथे दिवे मंद-तेज करायच्या खटक्यांचा लांबलचक बोर्ड होता, त्याला सगळे डिमर म्हणत. त्या बोर्डापुढे काका बसत. होता होता बोर्डाचं नाव माणसाला चिकटलं. काकू त्याच थिएटरात कपडेपट सांभाळत, म्हणजे राणीच्या झग्यापासून शिपायाच्या पट्ट्यापर्यंत सगळं शिवत. एकदा त्यांनी महिनाभर डोळे फोडून राणीसाठी मोरपंखी झगा शिवला, आणि पहिल्याच प्रयोगाला काकांनी वरून पिवळाजर्द उजेड सोडून त्याचा चिखल केला. राणी आली ती गाळात लोळून आल्यासारखी. काकूंनी आठ दिवस त्यांचं तोंड पाहिलं नाही. नवव्या दिवशी लग्नाला होकार दिला. का दिला, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि काकांची विचारायची हिंमत झालेली नाही.

तेव्हापासून काकू शांत असल्या की "अहो" म्हणत आणि संतापल्या की "काय हो डिमर".

दीड महिन्यापूर्वी काकू बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून "झकास" म्हटलं. मागचा दिवा जरा जास्तच तेज आहे, असं काकांचं म्हणणं पडलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. दवाखान्यात दोन नर्सनी धरून काकूंना उभं केलं तेव्हा पाय लटपटला आणि त्या पडता पडता वाचल्या. तेव्हापासून त्यांनी पाय जमिनीला लावला नव्हता.

काकू घाबरल्या होत्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण पुरती घाबरली होती. आणि घाबरले हे सांगण्यापेक्षा जीव गेला तरी चालेल असा स्वभाव, म्हणून त्या रोज नवी सबब काढत. आज डोकं जड आहे. आज वॉकर कुरकुरतोय. आज फरशी पुसलेली दिसतेय. आज फरशी पुसलेली दिसत नाही.

व्यायाम घ्यायला रोज सकाळी नऊ वाजता फिजिओबाई यायच्या. तिशीतल्या, चटपटीत, दोन पोरांना शाळेत सोडून आलेल्या, त्यामुळे सबबी ऐकून कान किटलेल्या. त्यांनी एके दिवशी जाताना काकांना दारात थांबवलं.

"काका, हाडाचं काम झालंय. आता सगळी भीती आहे. हा महिना संपायच्या आत त्या चालायला लागल्या नाहीत ना, तर सांधा आखडेल. मग त्यांच्या मनात आलं तरी पाऊल पडणार नाही."

"म्हणजे कायमच्या अंथरुणात?"

"तुम्हाला घाबरवत नाहीये. पण हो."

महिना संपायला अठरा दिवस होते. काका आत आले आणि जगातल्या यच्चयावत नवऱ्यांसारखी चूक केली. बायकोला समजावायला बसले.

"अगं, चार पावलं तर चालायचंय. खिडकीपर्यंत."

"आणि खिडकीशी जाऊन बघायचं काय?" काकूंनी हात केला. "ते?"

'ते' म्हणजे घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला बारा फूट लांबीचा मातीचा पट्टा. फाटकापासून सुरू होऊन खिडकीखालून जाणारा. वर शेजाऱ्यांच्या झाडाची गच्च फांदी, समोर कुंपणाची शेवाळलेली भिंत. ऊन तिकडे चुकूनही फिरकत नसे. एक फुटकी बादली, एक मेलेली पाण्याची नळी आणि ओल, एवढाच तिथला संसार.

"अंधार आहे नुसता," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत आहे आणि तुम्ही म्हणे दिव्यांचे उस्ताद."

हे मात्र काकांच्या वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीवर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्यात, सहाव्या पायरीवर, वही घेऊन बसले. नाटकात कुठल्या क्षणी कुठला दिवा लागतो हे लिहायची त्यांची जी पद्धत होती, त्याच पद्धतीने त्यांनी त्या पट्ट्याची वही मांडली. नऊ वाजून दहा मिनिटं, डावा कोपरा, पिवळसर तिरीप, अकरा मिनिटं टिकते. बारा चाळीस, फांदीतून तीन ठिपके, हलते. चार वाजता शेजाऱ्यांच्या काचेवरून उलटून आलेला उजेड, मिजासखोर, भरवशाचा नाही. बाकी सगळा दिवस नावाला.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. स्टीलचं मोठं ताट फांदीला तिरकं बांधलं, म्हणजे ऊन त्यावर आपटून मातीत पडेल. ऊन आपटलं, पण मातीत न पडता खिडकीतून थेट काकूंच्या डोळ्यात गेलं. आतून जे शब्द बाहेर आले ते ऐकून ताट मुकाट्याने स्वयंपाकघरात परत गेलं. मग काका रोपवाटिकेत गेले.

"काय देऊ काका?" रोपवाटिकेच्या मालकाने विचारलं. बोलताना याचे हात थांबत नसत, मातीतून काही ना काही उपटत राहत.

"उजेड."

"आमच्याकडे झाडं असतात."

"झाडंच द्या. पण उजेडाची. जागेवर ऊन येत नाही. तेव्हा उजेड झाडानेच आणला पाहिजे."

मालकाने हात थांबवला. असं मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि खरं तर त्याला ते पटलंही होतं. "मग फुलांच्या मागे लागू नका," तो म्हणाला. "सावलीत फूल म्हणजे पाहुणा. पान धरा. पांढरं पान, पोपटी पान, कडेला रेघ असलेलं पान. फुलात फार तर ही इम्पेशन्सची केशरी घ्या, ही सावलीतही फुलते."

त्याने कॅलेडियमची कुंडी पुढे ठेवली. हाताच्या पंजाएवढी पांढरी पानं, त्यात हिरव्या शिरा. काका तिच्यापासून दहा पावलं मागे गेले, मान कलती केली आणि डोळे अर्धवट मिटून घेतले. रंगमंचावर काय उठतंय आणि काय बुडतंय हे बघायची दिवेवाल्यांची ही रीत. डोळे किलकिले केले की तपशील जातात आणि नुसता उजेड उरतो. पण मालकाला हे कसं कळावं? तो धावत स्टूल घेऊन आला.

"बसा, बसा काका. चक्कर येतेय का? साखर देऊ का थोडी?"

"तुम्हीही मिटा," काका म्हणाले.

"काय मिटू?"

"डोळे. अर्धे. आता बघा, हे पान पुढे येतंय की नाही? आणि ते फर्न बघा, कुठे गेलं?"

मालकाने डोळे किलकिले केले. फर्न खरंच नाहीसं झालं होतं. वीस वर्षं झाडं विकून ही गोष्ट आपल्या लक्षात आली नव्हती याचं त्याला फार वाईट वाटलं. त्यानंतर दोघं एकेका कुंडीसमोर डोळे बारीक करून उभे राहायला लागले, आणि चौथ्या कुंडीपर्यंत आणखी दोन गिऱ्हाईकं काय चाललंय ते न विचारता तशीच उभी राहिली.

शेवटी ठरलं. पांढरं कॅलेडियम, फिक्या पानांचं सिंगोनियम, पोपटी कोलियस, गडद जांभळं कोलियस, आणि केशरी इम्पेशन्स. सगळं मिळून सव्वीस कुंड्या.

"जमिनीत लावताना मुळं हलकी मोकळी करा," मालक म्हणाला.

"मी कुंडीसकट पुरणार."

"कुंडीसकट? का?"

"दिवा कधी ठोकून पक्का करायचा नसतो. आज इथे चांगला दिसला, उद्या नाही दिसला, तर उचलता आला पाहिजे."

मालक दिव्यांबद्दल काही बोलू शकत नव्हता. त्याने मुळं कोंडतील वर्षभरात, एवढंच सांगितलं आणि कुंड्या हातगाडीवर चढवल्या.

घरी आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे काकूंच्या खिडकीवर पडदा लावला. साधासुधा नव्हे, थिएटरातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला जुना मखमली, डाळिंबी.

"मी जिवंत आहे अजून," आतून काकू म्हणाल्या. "खिडकी का झाकताय?"

"प्रयोगाच्या आधी पडदा असतो."

"प्रयोगाच्या आधी तालीम असते. ती कधी केलीत तुम्ही वेळेवर?"

काका तीन दिवस खपले. बादली गेली, नळी गेली. माती खणताना पाठीचा काटा ढिला झाला. एक कुंडी बसवायची, सहा पायऱ्या चढायच्या, डोळे बारीक करून बघायचं, उतरायचं, कुंडी चार बोटं सरकवायची, पुन्हा चढायचं. कुंपणाच्या भिंतीला लागून त्यांनी पांढरी रांग धरली, म्हणजे मागून उजेड आल्यासारखा. त्या रांगेच्या पुढे जांभळ्याचा दाट पुंजका. मधे पोपटी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाव्या पायरीवरून त्यांनी शेवटचं बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. तो काळा पट्टा खालून पेटल्यासारखा दिसत होता. चाळीस वर्षांत इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. महिना संपायला दहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फिजिओबाई आल्या. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. नऊ वाजून दहा मिनिटांची तिरीप चुकता कामा नये म्हणून ते घड्याळ हातात धरून उभे होते. मग त्यांनी चमच्याने पेल्यावर तीन वेळा टण टण टण केलं आणि पडदा ओढला.

पण बघत ते राहिले काकूंच्या चेहऱ्याकडे. वर बसलेल्या माणसाला प्रेक्षकांचे चेहरे कधी दिसत नाहीत, नुसती डोक्यांची मागची बाजू दिसते. आज त्यांना चेहरा बघायचा होता.

काकू उशीवर मान वळवून बराच वेळ बघत होत्या.

"भिंत दिसतेय," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"भिंतीवर पाल आहे. ती तुम्ही आणलीत का?"

तोवर फिजिओबाई उठून खिडकीशी गेल्या होत्या. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगंबाई! किती सुंदर!"

काका खाटेशी गुडघे टेकून बसले आणि काकूंच्या उशीवर त्यांच्या डोक्याशेजारी आपलं डोकं ठेवलं. खिडकीचा कट्टा दिसत होता. कट्ट्याच्या वर भिंत. भिंतीवर पाल. सव्वीसपैकी एका कुंडीचं एक पान दिसेल तर शपथ. सगळी शोभा कट्ट्याच्या खाली होती, आणि ती फक्त सहाव्या पायरीवरून बघणाऱ्या माणसासाठी मांडलेली होती.

"चाळीस वर्षं," काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "चाळीस वर्षं सांगतेय, त्या माळ्यावरून खाली या आणि एकदा खुर्चीत बसून बघा. तेव्हाही नाही. आजही नाही."

आपण या बाईसाठी केलं आणि या बाईच्या जागेवरून एकदाही बघितलं नाही, याची काकांना लाज वाटली. पाठ दुखत होती ती वेगळीच.

"विटा आणतो," ते उठत म्हणाले. "कुंड्याच आहेत. खाली विटांचे थर देतो, वर येतील."

"थांबा. आहे काय तिथे, सांगा तरी."

काका खिडकीशी गेले आणि वही वाचल्यासारखं पडलेल्या आवाजात सांगायला लागले. "मागे भिंतीला पांढऱ्या पानांची रांग. मधे पोपटी. अगदी पुढे, कट्ट्याच्या खाली, जांभळं कोलियस. गडद. आणि जांभळ्याशेजारी केशरी फुलं."

"कशाशेजारी?"

"जांभळ्या."

"काय?"

"केशरी."

काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. फिजिओबाईंना वाटलं काकूंना कळ आली.

"काय हो डिमर," काकू म्हणाल्या. "काळोख्या जागेत तुम्ही गडद जांभळा सगळ्यात पुढे ठेवलात? आणि त्याच्या अंगाला केशरी चिकटवलात?"

"वरून छान दिसतं."

"वरून माझा मोरपंखीही छान दिसत होता तुम्हाला! मी नाही मानत. इतकी अक्कल गहाण पडली नसेल कुणाची. खोटं सांगताय."

"खोटं कशाला सांगू? बाईंना विचार."

"आहे खरं तसं," फिजिओबाई म्हणाल्या.

काकूंनी कोपरावर जोर देऊन अंग उचललं. "द्या तो वॉकर इकडे."

काका तसेच खिळून राहिले. फिजिओबाई मात्र हुशार. त्यांनी "शाब्बास" नाही म्हटलं, "हळू" नाही म्हटलं, आवाज न करता वॉकर खाटेला लावला आणि मागे उभ्या राहिल्या.

काकूंचे पाय जमिनीला लागले. पहिल्या पावलाला वॉकर खडखडला. काका पुढे झाले.

"मला धरू नका," काकू म्हणाल्या. "तुमच्याशी नंतर बोलते."

दुसरं पाऊल. कपाळावर घाम. त्या थांबल्या, आणि काकांना वाटलं, संपलं, आता मागे फिरतील. पण काकूंचे डोळे खिडकीवर होते आणि ओठ हलत होते. जवळ उभ्या असलेल्या फिजिओबाईंना ऐकू आलं ते एवढंच: जांभळ्याशेजारी केशरी, जांभळ्याशेजारी केशरी. तिसरं पाऊल. चौथं. त्यांनी वॉकर सोडून कट्टा धरला आणि खाली बघितलं.

तिरीप अजून गेली नव्हती. डाव्या कोपऱ्यातल्या चार पांढऱ्या पानांवर ती पडली होती आणि पानांतून आरपार येत होती. काकू बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे काका बाजूने बघत होते, आणि तो त्यांना मागे कधी वरून दिसला नव्हता इतका स्पष्ट दिसला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मातीच्या हाताने पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

"पांढरं चांगलं घेतलंत," काकू म्हणाल्या. "अहो, रडताय काय? जा बाहेर. तो जांभळा उचला आधी. त्याचं नुसतं भोक दिसतंय. पांढरं पुढे आणा. केशरी मधे नको, कडेने द्या, काठासारखी. नाही, ती नाही, डावीकडची. तुमची डावी नव्हे, माझी!"

काका बाहेर धावले. पुढे पाऊणएक तास नव्हे, पण सात मिनिटं काकू खिडकीत उभ्या राहून कुंड्या हलवून घेत होत्या. सात मिनिटं हे फिजिओबाईंनी घड्याळ लावून मोजलं, आणि जाताना काकांच्या कानात सांगितलं, "विटा आणू नका हं."

विटा काकांनी आणल्या नाहीत. त्यांनी दुसरंच सुरू केलं. रोज भल्या पहाटे, काकू उठायच्या आत, ते चोरपावलांनी बाहेर जायचे आणि एक कुंडी मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून यायचे. एक दिवस जांभळी पांढऱ्यांत घुसवली. एक दिवस केशरी काठ मोडला. चहा झाला की सहज म्हणायचे, "आज काहीतरी बरोबर वाटत नाहीये बुवा त्या वाफ्यात." मग काकू "तुमच्याकडून काय बरोबर होणार" म्हणत वॉकर घ्यायच्या. खिडकीशी जायच्या, चूक काढायच्या, काकांची खरडपट्टी काढायच्या. चार पावलांची आठ झाली, सकाळच्या एका फेरीच्या तीन झाल्या. वॉकर जाऊन काठी आली. महिना संपला त्या दिवशी फिजिओबाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आणि काका स्वतःवर भलते खूश होते. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही चकवता आलं नव्हतं, ते आता रोज जमत होतं.

मग एका पहाटे ते केशरी कुंडी दोन्ही हातांत धरून, वाकून, खिडकीच्या खालून सरकत होते.

"काय हो."

काकांनी वर बघितलं. काकू खिडकीत उभ्या होत्या. वॉकर नव्हता, काठी नव्हती. एक हात कट्ट्यावर होता, तोही टेकल्यासारखा.

"मी... मी पाणी घालत होतो," काका म्हणाले.

"कुंडीला फिरवून पाणी घालतात का?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून काका जास्तच घाबरले. "रोज बघतेय मी. दुसऱ्या दिवसापासून. पण एक सांगा, रोज या खिडकीसमोरच काय चुकवता? ही चार पावलं झाली माझी आता. उद्या त्या टोकाला चुकवा, फाटकाजवळ. ते टोक खिडकीतून दिसत नाही. बाहेर यावं लागतं."

काका कुंडी घेऊन वळले आणि फाटकाच्या दिशेने निघाले.

"आत्ता नका हो जाऊ! मी बघताना कुंडी नेलीत तर मी शोधू काय?"

आणि काकूंनी आतून तो डाळिंबी मखमली पडदा सर्रकन ओढून घेतला.